दोन्ही संघांचा राखीव गोली

२६ मार्च १९५१, सोमवार
पोर्ट कॅरिकच्या खाणकामगार बांधवांनो, आपल्यावर घोर अन्याय झाला आहे! (आपल्यावर म्हणजे माझ्यावर. पण युनियनच्या सभेत 'आपल्यावर' म्हटलेलं उठून दिसतं.) अकरा वर्षं मी या गावच्या आइस हॉकी संघाचा गोल राखला. आज अजिंक्यपदाची सात सामन्यांची मालिका सुरू झाली आणि मॅनेजर गिलिसने गोलात बावीस वर्षांचा पोरगा उभा केला. मी राखीव. सूड घेणार.

२८ मार्च
नियम पुन्हा वाचला. दोन्ही संघांकडे खेळणारा गोली एकेकच, राखीव फक्त यजमानांचा. आमच्या रिंकवर कुणाचाही गोली जायबंदी झाला, तरी आमचा राखीव गोलीच उतरणार, पाहुण्यांसाठीसुद्धा! म्हणजे मी गिलिसच्या विरुद्ध. गिलिसच्या हे ध्यानातही नाही. मूर्ख.
उद्यापासून रोज पहाटे स्केटिंग.

२९ मार्च
थंडी होती म्हणून गेलो नाही. बर्फावर थंडी असतेच की, असं एफी म्हणाली. बायकोने खेळातलं बोलू नये.

३१ मार्च
पाहुण्यांच्या गोलीला, थेरिओला, मुद्दाम भेटलो. तब्येत ठणठणीत. फार वाईट वाटलं. आजोबा, सही हवीय का, असं त्याने विचारलं. मी एकोणचाळीसचा आहे. त्याचंही नाव सूडाच्या यादीत घातलं.

४ एप्रिल
युनियनच्या सभेत गिलिसवर चाळीस मिनिटं तोफ डागली. टाळ्यांचा कडकडाट! मागच्या खोलीत रेडिओ चालू होता आणि आपण पाचवा सामना जिंकलो होतो, हे मागाहून कळलं. तरी काही टाळ्या माझ्या असणारच.

७ एप्रिल, शनिवार
मालिका तीन-तीन. आज सातवा सामना, आमच्या रिंकवर. पॅडचा डावा पट्टा पायाला पुरेना. चामडं आटलंय.

८ एप्रिल, रविवार
देव आहे! काल दुसऱ्या सत्रात चकती थेट थेरिओच्या भुवईवर बसली. मला बोलावणं आलं. गोल एक-एक. पाहुण्यांची जर्सी चढवून गिलिसच्या बाकासमोरून मुद्दाम सावकाश गेलो. आता बघच, म्हटलं. तर तो म्हणाला, बघतोय ना लेका, दोन आठवडे याचीच वाट बघतोय. तुला उगाच राखीव ठेवला होय?
शेवटी आठ-एक.
पहिला गोल दिव्यांच्या झगमगाटामुळे. दुसऱ्याला बर्फ खराब. तिसऱ्याच्या वेळी मी गिलिसला उत्तर देत होतो. चौथ्यानंतर सगळं गाव उभं राहून माझं नाव घेऊन 'हेक्टर! हेक्टर!' ओरडायला लागलं. अशा गोंगाटात लक्ष कसं लागणार? अकरा वर्षांत एकदाही ओरडले नव्हते.

९ एप्रिल
गिलिस घरी आला. एफीचे चार ओटकेक खाल्ले. उद्या दहाला विजेत्यांचा फोटो आहे, मधली खुर्ची तुझी, म्हणाला. यंदा आमच्यासाठी तुझ्याइतकं कुणी झिजलं नाही रे!
मी त्याला ताडकन दार दाखवलं. म्हणजे, त्याची जायची वेळ झालीच होती.
कुठल्या शर्टाला इस्त्री करू, असं एफीने विचारलं. मी मुळीच जाणार नाही, म्हणून ठणकावलं. मग निळ्याला कर, म्हटलं.
बांधवांनो! गिलिसच्या विजयाच्या फोटोत मी बसणार नाही, ही माझी प्रतिज्ञा आहे. आणि माझ्या प्रतिज्ञा तुम्ही जाणता. म्हणून उद्या सकाळी दहाला सगळे फोटोग्राफरच्या दारात उभे राहा, आणि मला आत जाऊ देऊ नका.