सत्त्याऐंशी टक्के

३ फेब्रुवारी
हायकोर्टाचा निकाल आला. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक अद्वैतदादा अपात्र. कारण काय, तर घरापुढचा ओटा आणि त्यावरचं पत्र्याचं शेड म्हणे नगरपालिकेच्या जागेत. एका ओट्यापायी वसमतचा विकास थांबला. (दादा माझ्याहून सव्वीस वर्षांनी लहान, पण दादा ते दादाच.) निकाल सरळसरळ राजकीय आहे. वाचायचीही गरज नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी
शेषरावबरोबर फिरायला. तीस वर्षांचा मित्र, कोर्टातून बेंच क्लार्क म्हणून रिटायर झालेला. वाटलं, तो तरी चिडला असेल. तर म्हणतो, निकाल बराबर हाय. एकेचाळीस पानं हायेत, तुला पाठवतो, वाच. मी म्हणालो, मी पाटबंधारे खात्यात होतो, कोर्टात नव्हतो. तो म्हणाला, मग न वाचताच काहून तापून राहिलास.
बसस्टँडपासून घरापर्यंत मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चाललो.
संकल्प: उद्यापासून एकटाच फिरणार.

५ फेब्रुवारी
शेषरावने पीडीएफ पाठवली. न उघडता डिलीट केली. फोनमध्ये आधीच जागा कमी.
फिरायला गेलो नाही. थंडी होती.

११ फेब्रुवारी
गावातल्या एका मोबाईल चॅनलने पोल घेतला. निकाल योग्य की अयोग्य? योग्य ६१ टक्के. चॅनल विकाऊ आहे. मी चार वेळा ‘अयोग्य’ दाबलं, मोजलं एकदाच. सिस्टिम कशी चालते ते यावरूनच कळतं.
आमच्या मित्रमंडळाच्या ग्रुपवर (ॲडमिन मी) शेषरावने लिहिलं, आधी वाचा, मग बोला. रोख माझ्यावर होता. त्याला काढून टाकलं. काढताना अंगठा थोडा अडखळला. संधिवात असावा.

३ मार्च
पोटनिवडणूक लागली. दादांनी चुलतबहीण मिनाताईंना उभं केलंय. समोरून सपनाताई. आज दादांना भेटलो, म्हणालो, खरा जनमत कौल मी काढतो. शास्त्रशुद्ध. दादांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मोहनकाका, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी आहे.
माझं नाव मार्तंड. पण प्रेमाच्या माणसाला कोणी नावाने थोडंच ओळखतं.

९ मार्च
सर्व्हे सुरू. प्रश्न एकच: कोर्टाने दादांवर अन्याय केला, असं तुम्हालाही वाटतं ना?
भाजीवाल्या मिराबाई म्हणाल्या, व्हय भाऊ, तुमी म्हणता तसंच, जरा बाजूला सरका, गिऱ्हाईक येऊन राहिलं. होकार.
गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मंजुळाबाई बोलल्या नाहीत. मागच्या साली त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा गाडी दादांच्या शेडपाशी अडली आणि त्यांना खाटेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं, असं त्यांची सून सांगत होती. विषय भरकटला. मौन म्हणजे होकार धरला.

१२ मार्च
शेषरावच्या घरी गेलो. तो नसताना. मित्र म्हणून नाही, सर्व्हेवाला म्हणून. कमलबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, तुमी यायचे बंद झालात, हे सकाळी चपला घालून दारात उभे राहतात अन् मग आत येतात. मी प्रश्न विचारला. त्यांनी कप उचलला आणि मान हलवली. होकार.
चहात साखर बरोबर होती. त्यांना अजून आठवतं.

१५ मार्च
घरातलाही नमुना हवा. बायकोला, कालिंदीला विचारलं. भाकरी थापत होती. हो हो, म्हणाली.
एकूण ११२ जण. होकार ९७. म्हणजे सत्त्याऐंशी टक्के. ग्रुपवर टाकलं. सात अंगठे आले. दोन मिनाताईंच्या घरचे, पण ते वगळले तरी ट्रेंड स्पष्ट आहे.

९ एप्रिल
मतदान झालं. बूथबाहेर मिराबाईंनी माझ्याकडे पाहून पदर सावरला. विजयाची खूण.

१० एप्रिल, दुपार
आमच्या बूथवर मिनाताई ४१. सपनाताई ५०६.
९७ मधून ४१ गेले तर ५६. छप्पन्न माणसांनी माझ्या तोंडावर हो म्हणून पाठीत वार केला. यादी काढतोय. एकेकाला जाब विचारणार.

११ एप्रिल
दादा सपनाताईंच्या पक्षात गेले. फोटोत गळ्यात हार. म्हणाले, न्यायालयाचा मी कायम आदर केला आहे. फोन केला. कोणी तरी उचलून म्हणालं, दादा बिझी आहेत, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. कोण मार्तंड, तिकडून विचारलं.
जेवलो नाही.

१२ एप्रिल
यादी वाचून दाखवली तेव्हा कालिंदी म्हणाली, माझंही नाव लिही. मी विचारलं, मग हो का म्हणालीस. ती म्हणाली, तू कागद घेऊन तव्यापाशीच उभा होतास.
मग म्हणाली, निकाल मी वाचलाय, शेषरावभावजींनी मलाही पाठवला होता. तिने सतरावं पान उघडून फोन माझ्या हातात दिला.
शेडमुळे नाली तुंबते, अशी तक्रार करणाऱ्या रहिवाशांची नावं. चार आहेत. तिसरं माझं. सहा वर्षांपूर्वी पाणी आपल्या घरात शिरलं होतं, आठवत नाही का, कालिंदी म्हणाली.
आठवत नव्हतं. आता आठवतंय.

१३ एप्रिल
शेषरावला फोन केला. तुला माहीत होतं का, विचारलं. पहिल्याच दिवसापासून, म्हणाला. मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, माझ्या तोंडून ऐकलं असतंस तर तुला तकलीफ झाली असती. म्हणून तर वाच वाच करून राहिलो होतो.
मी म्हणालो, उद्यापासून फिरायला जाऊ. तो मग म्हणाला, महिना होत आला, मी पोस्टातल्या भीमराजसंगं जातो. तू बी ये की. पण आमी लवकर निघतो.
किती वाजता, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.