जागा: नेमणूक व्हायची

१२ सप्टेंबर

निवड झाली! पीएचडी प्रशिक्षणाच्या अनुदानासाठी विद्यापीठातून सात अर्ज पुढे आले होते; अनुदान देणारी परिषद एका विद्यापीठाकडून एकच घेते. संशोधन विभागाच्या मार्टिनचा फोन आला. आवाज असा, की कुणीतरी गेल्याचं कळवतोय. "पाणथळ केंद्राला पाठवतोय आम्ही. बॅटरीवाल्यांना गेल्या खेपेला मिळालं, म्हणून. आशा फार ठेवू नका हं. चिखलाला सध्या भाव नाही."

एम्रिसना सांगायला गेले. केंद्राचे संचालक, वय सदुसष्ट, निवृत्ती दोनदा पुढे ढकललेली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नेस्ता बाख, आपण बकरा आहोत. एक अर्ज पाठवायला लागतो, म्हणून पाठवतायत." वेल्शमध्ये बाख म्हणजे पोरी. मी अठ्ठावन्न वर्षांची पोर.

अनुदानाचे अर्ज लिहिणं हीच माझी नोकरी; हा एकतिसावा. आधीच्यांतले सहा लागले.

१९ सप्टेंबर

डेलिथबरोबर पहिली बैठक. ती केंद्राची व्यवस्थापक, नऊ वर्षं. तिची नोकरी चालू अनुदानावर. अनुदान ३१ मार्चला संपतं, नोकरीही त्याच दिवशी. हे तिनं मला स्वतःच सांगितलं, वहीत तारखा लिहून घेता घेता, बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं.

"मग मिळालंच पाहिजे," मी म्हणाले.

"अगं, माझं सोड. पुढच्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली नाही तर केंद्र बंद. मग या चिखलात उतरायला कोण शिकवणार? यूट्यूब?"

तिच्या खणात कोरड्या मोज्यांच्या बारा जोड्या. पीएचडीची पोरं दलदलीत कमरेपर्यंत जातात, तेव्हा लागतात म्हणे.

३ ऑक्टोबर

खर्चाच्या तक्त्यात डेलिथचं नाव लिहिलं होतं. वित्त विभागानं तक्ता परत पाठवला. नाव चालत नाही. जागा चालते. जागेसमोर लिहायचं: नेमणूक व्हायची.

माहीत होतं मला. अठरा वर्षं हेच लिहीत आलेय. तरीही नाव लिहून पाहिलं.

डेलिथनं स्वतःच बदलून दिलं. "नऊ वर्षं इथं बसलेय आणि नेमणूक व्हायचीये! आईला सांगते, ती म्हणायचीच, तुझं काही खरं नाही."

२१ ऑक्टोबर

पाठिंब्याची पत्रं. अकरा हवीत, सहा आलीत. पाणीपुरवठा कंपनीच्या ज्या बाईंनी शब्द दिला होता त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी आलेला गृहस्थ विचारतो, "पीट म्हणजे ती काळी माती ना, बागेत घालतात ती?" एम्रिसनी फोन माझ्या हातात दिला आणि खोलीबाहेर निघून गेले.

५ नोव्हेंबर

सोळा पानं झाली. मर्यादा बारा.

६ नोव्हेंबर

चौदा.

१४ नोव्हेंबर

मुदत दुपारी चारची. डेलिथचा नियम आहे, तिनं वाचल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. सगळा अर्ज मोठ्यानं वाचला, उभ्यानं, चष्मा कपाळावर चढवून. एम्रिस मध्येच म्हणाले, "हे फार चांगलं केंद्र वाटतंय. कुठं आहे?" तीन बावन्नला तिनं बटण दाबलं.

मग तिघं जेवायला बसलो. लीकच्या भाजीचं सूप गार झालं होतं, तसंच प्यालो. मला वाटत नाही लागेल. असं वाटतं तेव्हा माझा अंदाज बहुतेक खरा ठरतो.

२२ जानेवारी

परीक्षणं आली. तीन. पहिलं चांगलं. दुसरं त्यातल्या त्यात बरं. तिसरं—

‘प्रशिक्षणाचं दैनंदिन व्यवस्थापन कारकुनी पातळीवर राहिलेलं दिसतं. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम चालवणारी व्यक्ती स्वतः त्या वाटेनं गेलेली असावी, ही अपेक्षा रास्त आहे.’

नऊ वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं प्रबंध अर्धवट सोडलेला नाही. पान चारवर लिहिलंय. वाचलं नसेल.

एम्रिस टेबलावर हात आपटून ओरडले. डेलिथ हसली. "कारकून! चला, काहीतरी नेमणूक झाली." मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही.

मार्टिन म्हणाला, अशा एका परीक्षणानं अर्ज बुडतात. खरं आहे. मी बुडताना पाहिलेत.

३० जानेवारी

उत्तर द्यायला दोन पानं. त्याहून एक ओळ जास्त नाही. पाणथळाबद्दल सगळं उत्तर सोपं होतं. त्या तिसऱ्याला काय सांगायचं? एम्रिस म्हणाले, "त्याला सांग, मी पस्तीस वर्षं पीएचडीवाले पाहतोय, त्यांतल्या एकालाही मिनीबस मागे घेता येत नाही." ते लिहिता येत नाही.

शेवटी जागेबद्दल एक वाक्य लिहिलं. नवीन व्यवस्थापक पीएचडी झालेला असेल, अशा अर्थाचं. डेलिथ समोरच बसून संदर्भ तपासत होती. मी मान वर केली नाही.

मग मसुदा तिच्याकडे देऊन विद्यापीठाच्या दप्तरी ठेवायच्या फॉर्मवर मार्टिनची सही घ्यायला दुसऱ्या इमारतीत गेले. तो जेवायला गेलेला! दीड तास दारात बसले. परत आले तर डेलिथनं पाठवूनही टाकलं होतं. "झालं," म्हणाली. "दोन पानांत बसलं."

११ मार्च

मुलाखत. पडद्यावर परिषदेचे नऊ चेहरे, इकडे एम्रिस आणि केंद्रातले दोघं प्राध्यापक. मी आणि डेलिथ बाहेर पायऱ्यांवर. पंचवीस मिनिटं. एम्रिस बाहेर आले, टाय सोडला. "एकानं जांभई दिली. आवाज बंद होता, पण तोंड दिसत होतं."

यानंतर विचारायचं काय राहिलं?

२८ मार्च

निकाल पुढे ढकललाय. कारण दिलेलं नाही.

३१ मार्च

डेलिथचा शेवटचा दिवस. मी वरपर्यंत पत्रं लिहिली होती—निकाल लागेपर्यंत दोन महिने मुदत वाढवा. उत्तर आलं: अनिश्चित उत्पन्नावर मुदतवाढ देता येत नाही. सभ्य भाषेतलं पत्र. मीही असंच लिहिलं असतं.

तिनं घरून तव्यावरचे वेल्श केक आणले. पोरं रडली. एक इंडोनेशियाचा मुलगा तिला सोडेचना. ती म्हणत होती, "अरे, प्रकरण तीन पाठव आधी! मिठ्या मारून प्रबंध होत नाही." मोज्यांचा खण एम्रिसच्या ताब्यात दिला. त्यांनी जोड्या मोजून घेतल्या.

शाळेच्या कार्यालयात काम मिळालंय तिला. आठवड्याला तीन दिवस.

२६ एप्रिल

काही नाही.

१९ मे

मिळालं.

दोनदा वाचलं. मिळालं! चार तुकड्या, आठ वर्षं. मार्टिन स्वतः जिना चढून आला. एम्रिस खुर्चीत बसून राहिले, म्हणाले, "आता निवृत्त होता येईल." मी डेलिथला फोन केला. शाळेची घंटा वाजत होती मागे. ती एवढंच म्हणाली, "पोरांना सांगितलंस?"

मी म्हणाले, जाहिरात येईल, लगेच अर्ज टाक.

"बघू."

एकतिसांतला सातवा. संध्याकाळी किनाऱ्यावरून चालत घरी गेले. खूप दिवसांनी.

९ जून

जाहिरात लागली. व्यवस्थापक, पूर्ण वेळ. शैक्षणिक पात्रता: पीएचडी अनिवार्य.

११ जून

कर्मचारी विभागात गेले. तिथला माणूस तरुण, नम्र. म्हणाला, "आम्ही काही वाढवलेलं नाही. तुमच्याच उत्तरात आहे, बाई. परिषदेला लिहून दिलंय ते आता बदलता येणार नाही, अनुदानाची अट झाली ती." पाठवलेली प्रत समोर ठेवली. ‘या पदावरील व्यक्ती पीएचडीधारक असेल.’ सरळ, स्वच्छ वाक्य. अर्ध्या ओळीचं.

मला आठवतं तसं मी मध्ये ‘शक्यतो’ घातलं होतं. पण इथं नाही. दोन पानांत बसत नसेल म्हणून मीच उडवलं असणार. असे शब्द उडवणं हेच तर माझं काम! मुदत डोक्यावर असली की हात आपोआप चालतो.

एम्रिसना विचारलं. त्यांनी फाईल उघडलीच नव्हती.

१७ जून

डेलिथच्या घरी गेले. सांगून टाकलं. ते वाक्य माझं, तुझी जागा मी घालवली. एका दमात बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं.

ती वाटाणे सोलत होती. "ठाऊक आहे गं, वाक्य तुझंच. चांगलं वाक्य होतं." मग म्हणाली, "त्या तिसऱ्यानं शेवटी किती गुण दिले?"

सहापैकी पाच. वाढवले त्यानं.

"बघ," ती म्हणाली. आणि वाटाण्यांचं पातेलं माझ्या पुढ्यात सरकवलं, सोल म्हणून.

मी सोलत बसले. तिच्याकडे बघवत नव्हतं.

२० जून

मार्टिनला आमचं उत्तर नमुना म्हणून हवंय, पुढच्या अर्जदारांना दाखवायला. जुना मसुदा उघडला, प्रत्येक दुरुस्ती तारखेनिशी दिसते तो. माझं वाक्य सापडलं. त्यात ‘शक्यतो’ होतं. मी ते उडवलेलं नाही.

शब्दावर लाल रेघ. ३० जानेवारी, बारा वाजून दहा. दुरुस्ती: डेलिथ प्यू.