मंगल कार्यालयातला तराजू

शुक्र. १० फेब्रु. १९६१
मार्चअखेरपर्यंतच्या प्रॅक्टिकलचं वेळापत्रक केलं. आधी पंचांग, मग अभ्यासक्रम. मुहूर्ताचे अकरा दिवस खोडले. कानडी मुलखातल्या मराठी समाजाच्या या कार्यालयात लग्न असलं की कॉलेज बंद, आणि लग्नांच्या भाड्यावरच कॉलेज चालतं. प्रयोगशाळा म्हणजे मुदपाकखान्याच्या भिंतीलगतची भांड्यांची खोली. टेबलं पंगतीला जातात, परत येतात ती हळदीच्या डागांची.

हिराक्का दारात. सेक्रेटरी नरहरअण्णांची थोरली बहीण, कार्यालयाच्या किल्ल्या तिच्या कमरेला. "काय गं सायन्स, तुझ्या नळ्यांत सार उकळतं का? नाही ना? मग हलव त्या. परातींना जागा हवी."
हलवल्या. माझं न बोलणं तिला जास्त झोंबतं, हे मला ठाऊक आहे.

सोम. १३ फेब्रु.
विद्यापीठाचं पत्र आलं. तपासणी समिती २० मार्चला येणार. डिग्रीच्या विज्ञान वर्गाला मान्यता हवी तर स्वतंत्र प्रयोगशाळेची व्यवस्था पक्की झालेली दिसली पाहिजे. नाहीतर जूनपासून विज्ञान शाखा बंद. अठ्ठावीस विद्यार्थी. मुलगे दुसरीकडे खटपट करतील. सात मुली घरी बसतील. आठवी मी, त्यांना शिकवणारी.

अण्णा निश्चिंत आहेत. चिकपेटेतले कापडवाले माणिकराव मागच्या मोकळ्या जागेवर इमारत बांधून देणार, असं ते वर्षभर सांगताहेत. रासायनिक तराजूही माणिकरावांनीच दिलेला. या खोलीत माझा विश्वास असलेली ती एकच वस्तू.

त्यांची मुलगी कमल डिसेंबरपर्यंत माझ्या वर्गात होती. हात स्थिर, नोंदी स्वच्छ. लग्न ठरलं आणि नाव काढलं. २२ला इथेच लग्न. दुसऱ्या दिवशी माणिकरावांच्या हस्ते पायाचा दगड.

बुध. २२ फेब्रु.
जसं झालं तसं लिहिते.

सगळ्या स्टाफला आमंत्रण होतं. मी पाठीमागच्या खुर्चीवर. मुहूर्ताला तासभर असताना वराकडच्या काकांनी दागिन्यांचं ताट हातात घेऊन खालीवर केलं आणि म्हणाले, पंचवीस तोळे ठरले होते, हे हाताला तेवढं लागत नाही. वधूकडचा सराफ शपथ घेऊ लागला. आवाज चढले. सराफाच्या तागडीवर वराकडच्यांचा विश्वास नाही, बाहेरून तागडी आणायला वेळ नाही.
तेव्हा माणिकराव स्वतः उभे राहिले. "आपल्या कॉलेजात सायन्सचा तराजू आहे. मीच दिलाय. तो कुणाची भीड धरणार नाही. आपटेबाई, चला."

मी म्हटलं, तो अशा कामाचा नाही. दोनशे ग्रॅमच्या वर घेत नाही. "दोनदा करा," काका म्हणाले.

दोनदा केलं. चाळीस-पन्नास माणसं भांड्यांच्या खोलीत. काचेचं दार लावून घेतलं, काटा थांबेपर्यंत कुणाला श्वास सोडू दिला नाही. दोन्ही मिळून २५३.४१ ग्रॅम. तोळे किती, काकांनी विचारलं. भाग दिला. एकवीस पूर्णांक त्र्याहत्तर. मोठ्यानं सांगितलं.

पंचविसाला सव्वातीन कमी.

सराफ तेवढ्यात दिसेनासा झाला होता. माणिकरावांचा चेहरा पाहिला नाही, मी वजनं पेटीत ठेवत होते. मागून त्यांचा आवाज: तराजू बिघडलाय. मुदपाकखान्याशेजारी राहून राहून बिघडलाय. कॉलेजकडून तसं लिहून आणून देतो, माझा शब्द. मुहूर्त टळत होता, वराकडचे कुरकुरत मांडवात गेले. लग्न लागलं.

मी जेवले नाही. चारच्या गाडीनं के. आर. पुरमला घरी.

गुरु. २३ फेब्रु.
पायाचा दगड बसला नाही. गवंडी सकाळी येऊन परत गेले. खड्डा तसाच.
हिराक्का: "अंदाजे सांगता आलं नसतं? पंचवीसच्या आसपास म्हणायचं. सगळं जग तसंच म्हणतं."
मी म्हटलं, तराजूला आसपास कळत नाही.
"तराजूला नाही. तुला."
दिवसभर ते वाक्य डोक्यात. तिला ते कळू दिलं नाही.

सोम. २७ फेब्रु.
अण्णांनी ऑफिसात बोलावलं. प्राचार्य खिडकीशी, बाहेर बघत. टाइप केलेला कागद समोर ठेवला. मजकूर दोन ओळी: कॉलेजचा तराजू सदोष असल्याने २२ फेब्रुवारीला केलेलं वजन विश्वसनीय नाही. खाली माझ्या नावाची जागा.
मी म्हटलं, तपासल्याशिवाय सही करणार नाही.
"तपासायचं काय त्यात? माणिकराव म्हणतात बिघडलाय. तराजू त्यांचा."
"वजन त्यांचं नाही."
अण्णा हसले. तसे ते चिडल्यावरच हसतात. "हे बघा आपटेबाई, तुम्ही पुण्याकडची मंडळी काल आलात. आम्ही आजोबांपासून इथं. हे कॉलेज एकेका दुकानाच्या पायऱ्या झिजवून उभं केलंय. स्वल्प वाकलं की इमारत. नाही वाकलं की खड्डा. सरी, ठीक आहे ना?"
प्राचार्य एवढंच म्हणाले की तपासून घेऊ दे त्यांना. कागद मी आणला नाही. टेबलावरच ठेवला.

बुध. १ मार्च
रजा घेऊन वजनांची पेटी मी शिकले त्या संस्थेत नेली. त्यांच्या प्रमाण वजनांशी एकेक लावून पाहिलं. शंभराच्या वजनावर तळाशी हिरवट डाग आहे. भिंतीपलीकडची वाफ. त्या डागानं ते ०.०३ ग्रॅम जड झालंय. बाकी सगळी ठीक.
शंभराचं वजन दोन्ही वेळा वापरलं होतं. म्हणजे सोनं ०.०६ ग्रॅम कमी दाखवलं गेलं.

माणिकरावांचं म्हणणं खरं निघालं. तराजूत दोष आहे. सराफी भाषेत अर्धी गुंज; तोळ्याच्या शहाण्णव गुंजा.

शिकवणारे जुने सर म्हणाले, मग सही कर की, खोटं काय आहे त्यात? थट्टेत म्हणाले. पण येताना गाडीत तोच विचार. दोन ओळींत एकही शब्द खोटा नाही. फक्त आकडा नाही.

शुक्र. ३ मार्च
स्वतः पत्र लिहून अण्णांना दिलं. तराजूच्या वजनात दोष आढळला, त्यामुळे सोनं अर्धी गुंज कमी दिसलं, सही.
अण्णांनी दोनदा वाचलं. "अर्धी गुंज. हे वाचून माणिकराव काय करतील माहीत आहे? लोकांना वाटेल आपण त्यांची टर उडवतोय."
मी म्हटलं, जेवढा दोष तेवढा लिहिलाय.
"आकडा काढा."
"आकडा काढला तर ते वजन राहत नाही."
त्यांनी पत्र परत दिलं. घडी न घालता, दोन बोटांत धरून.

स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. गणिताचे कुलकर्णी आज माझ्या देखत म्हणाले, काहींना नोकरीची गरज नसते, वडील कारखान्यात ऑफिसर असतात. वडील ड्राफ्ट्समन आहेत. सांगितलं नाही.



मंगळ. ७ मार्च
खरं तर मी वाकायला आले होते. लिहून ठेवते, नाहीतर पुढे स्वतःला वेगळं सांगेन. सात मुलींची नावं वहीत लिहून पाहिली होती. दोन ओळी, खोटा एक शब्द नाही, आणि त्या सातजणी शिकतील. आज जाऊन अण्णांच्या कागदावर सही करायची असं ठरवूनच गाडीत बसले.

दुपारी प्रॅक्टिकल संपल्यावर कमल आली. माहेरपणाला आलीये, देवळाचं निमित्त करून. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. खोलीत येऊन सवयीनं आधी तराजूचं झाकण नीट केलं.

मी म्हटलं, पत्र हवं असेल तुलाही. सासरी बोलतात का?
"बोलतात. ताट वाढताना बोलतात. एकवीस तोळ्यांची सून म्हणतात. ते सरी, मिस, ऐकून घेता येतं." मग दार लावून म्हणाली, "तुम्ही लिहून देऊ नका."
मला कळलं नाही.
"तुम्ही तराजू खोटा म्हणून लिहून दिलंत, की सोनं पंचवीस तोळे होतं असं ठरलं. आणि सोनं आता सासूबाईंच्या कपाटात आहे. काकासासरे एक दिवस तागडीत घालणारच. एकवीसच भरेल. मग विचारतील, बाकीचं कुठं गेलं. कुणाला विचारतील?"

मी हे धरलंच नव्हतं. सगळं मोजलं, आणि हे नाही.

वडिलांना सांगितलंस का, विचारलं. म्हणाली, सांगितलं. अप्पा म्हणाले, बायकांनी यात पडू नये. आणि मिस, माझं नाव कुठं येऊ देऊ नका, मी आले होते हेही नको.
जाताना: "मी इथं प्रॅक्टिकल केलंय. मला ठाऊक आहे तो बरोबर आहे."
अर्ध्या गुंजेबद्दल तिला सांगितलं. पहिल्यांदाच हसली.

सही केली नाही.

रवि. १२ मार्च
कार्यकारिणीपुढे मला बोलावलं. नऊ पुरुष, सतरंजीवर. मला एक खुर्ची, म्हणजे मी एकटीच उंच. माणिकराव आले नव्हते, त्यांचा निरोप होता.

अण्णांनी मांडलं: कागद नको म्हणतात बाई, ठीक. २०ला समिती येईल तेव्हा माणिकराव हजर राहतील. समितीसमोर बाईंनी फक्त तोंडी म्हणायचं, तराजू सदोष आहे, नवीन प्रयोगशाळेची निकड आहे. माणिकराव तिथल्या तिथे इमारत जाहीर करतील.
कारण विचारलं गेलं, मी का अडून बसले. देता येत नव्हतं. कमलला शब्द दिला होता. म्हटलं, माझ्याकडे कारण आहे, सांगणार नाही.
एक म्हातारे सभासद: "हिचं लग्न झालेलं नाही ना? म्हणून दुसऱ्याच्या लग्नात विघ्न."
कुणी हसलं. प्राचार्य हसले नाहीत, पण अडवलंही नाही.
अण्णा शेवटी, शांतपणे: "तुमच्यामुळे हे बंद पडलं, तर त्या मुलींच्या घरी जाऊन तुम्हीच सांगायचं. मी पत्ते देतो."
हा माणूस मला आवडत नाही. पण हे त्याचं बरोबर होतं.

सोम. २० मार्च
समिती अकराला आली. तिघे. आज मुहूर्त नव्हता, टेबलं जागेवर होती, हिराक्कानं स्वतः घासून घेतली होती. मला म्हणाली, "आता तरी तोंड नीट ठेव." तिच्या तोंडून हे जवळपास प्रेमळ.

माणिकराव पांढऱ्या फेट्यात, दाराशी खुर्चीवर. अण्णा त्यांच्यामागे उभे. समितीचे वडीलधारे प्रोफेसर एकेक उपकरण पाहत तराजूपाशी थांबले. काच पुसलेली पाहून मान हलवली. इंग्रजीत विचारलं, हा नीट चालतो ना?
अण्णा माझ्याकडे बघत होते. सगळेच.

मी इंग्रजीत सांगितलं: तराजू उत्तम आहे. शंभराच्या वजनात तीस मिलिग्रॅमचा दोष आहे, प्रमाण वजनाशी ताडून पाहिलाय, नोंद वहीत आहे. कारण भिंतीपलीकडची चूल. प्रयोगशाळा इथून हलायला हवी.
प्रोफेसरांनी वही मागून घेतली, तारीख पाहिली, आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, कळलं नाही.
मग तेच मराठीत सांगितलं, माणिकरावांकडे बघून. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखं मला नको होतं.

"अर्धी गुंज?" ते म्हणाले.
"अर्धी गुंज. तुमचं सोनं तेवढं जास्त होतं. त्याहून जास्त नाही. घरात ज्याला पुढे कधी ते तोलायचं असेल, त्याला तेवढंच भरेल."
एवढंच बोलले. कमलचं नाव घेतलं नाही. त्यांनी मान खाली घातली. समजलं असावं. किंवा मला तसं हवं होतं.

त्यांनी काही जाहीर केलं नाही. अण्णांनी दोनदा घसा साफ केला. समिती चहा न घेता गेली. निर्णय पत्रानं कळवणार. अण्णा माझ्याजवळून जाताना म्हणाले, झालं तुमचं समाधान? समाधान हा शब्द लागू नव्हता.

पाचला निघताना खिडकीतून पाहिलं. माणिकराव घरी गेले नव्हते. मागच्या मोकळ्या जागेत, खड्ड्याच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालत होते, मान खाली घालून. इमारतीसाठी पावलांनी जागा मोजत होते की नुसते फिरत होते, एवढ्या लांबून सांगता आलं नाही.