तांदळाच्या डब्यातला टाक

२८ सप्टेंबर १९५९, सोमवार

वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली — वर्षावासाच्या अखेरीस तीन रविवार सहकुटुंब शिबीर. पांढरी वस्त्रं. अष्टशील. बारानंतर जेवण नाही, दिवसभर गाणं-बजावणं नाही! चाळीच्या जलशाची गाणी लिहिणाऱ्या माणसाला गाणं बंद, म्हणजे विंचवाला नांगी बंद.

कमल म्हणाली, "अहो, यादी वाचलीत का? कॉटन ग्रीनहून मोठे भाऊजी आणि जाऊबाई येणार आहेत."

वाचली. भिवादादा — माझा सख्खा थोरला भाऊ. दोन वर्षं आम्ही बोललेलो नाही. आई त्याच्या घरी वारली, आणि त्यानं मला कळवलं नाही. लोक स्मशानातून परतताना वाटेत चाळीतला गुणाजी भेटला, त्याच्याकडून कळलं! पोटच्या पोराला, तिऱ्हाइताकडून! याला क्षमा नाही. तीन रविवार बसवा नाहीतर तीस.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिलं शिबीर. भंतेजी विदर्भाकडचे, आवाज गोड. विषय — मैत्री. शेजारचा राजाराम एक वाजल्यापासून कासावीस. "भंते, पोटच गुरगुरून शील मोडत असेल, तर दोष कोणाला?" भंतेजीसुद्धा हसले.

दादा तिसऱ्या ओळीत. पिकलाय. गोदामातल्या रुईनं खोकतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

७ ऑक्टोबर

संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं घरी. "शामराव, सभेला एक झणझणीत गाणं पाहिजे. दिल्लीला झोंबलं पाहिजे!" म्हटलं, सध्या शिबिरात आहे. "पुण्य मागाहून मिळवा हो, आधी मुंबई मिळवू!"

दहा मिनिटांत आठ ओळी दिल्या. शील रविवारचं. जीभ सातही दिवसांची.

११ ऑक्टोबर, रविवार

ध्यानाला डोळे मिटले की तांदळाचा डबा दिसतो.

छप्पन्नच्या डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला. घरातले देव दादरच्या समुद्रात सोडले. आईनं खंडोबाचा चांदीचा टाक तेवढा दिला नाही. "माझ्या सासूनं हातावर ठेवलाय. मी मेल्यावर काय ते करा." म्हातारी हटून बसली. चाळीत बोभाटा नको म्हणून दादानं तो तांदळाच्या डब्यात लपवला. मला सापडला. आणि मला सापडला म्हणजे जलशाला सापडला! 'भिवाचा देव तांदूळ खातो' — चाळ हसून लोळली. पोरं नळावर दादाला पाहिलं की तेच गायची. महिन्याच्या आत दादा बिऱ्हाड उचलून, आईला घेऊन कॉटन ग्रीनला गेला.

टाक आईचा, हे मला ठाऊक होतं. आईवर गाणं करवेना, म्हणून दादावर केलं. हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

पण म्हणून आईचं मरण लपवायचं? गाणं कुठं, मरण कुठं!

१६ ऑक्टोबर, पौर्णिमा

वर्षावास संपला. समारोप रविवारी, गिरणीची सुटी बघून.

१८ ऑक्टोबर, रविवार

भंतेजींनी सांगितलं — वर्षावास सरला की भिक्षू एकमेकांपुढे हात जोडून बसतात. म्हणतात, माझी चूक पाहिली असेल, ऐकली असेल, नुसती शंका आली असेल, तरी दया करून सांगा. आज हे घरच्या माणसांनी करायचं. आधी थोरल्यानं विचारायचं.

थोरल्यानं! म्हटलं, धम्मात न्याय आहे.

दादा समोर आला. गुडघा धरलाय त्याचा, हात टेकत खाली बसला. "शामू, माझी चूक सांग."

दोन वर्षं घोकलेलं भाषण दोन वाक्यांत संपलं. "आई गेली. मला कळवलं नाहीस."

"नाही कळवलं. खरंय." मग वाकला. कपाळ सतरंजीला टेकवलं. "क्षमा कर मला."

एवढंच! सबब नाही, वाद नाही. मागून कौसल्यावहिनी म्हणाल्या, "अहो, सांगा की त्यांना—" दादानं मान वळवून पाहिलं.

मी म्हणालो, "ऊठ दादा, केली क्षमा." चांगलं चारजणांना ऐकू जाईल असं.

मग माझी पाळी. "दादा, माझी चूक?" डब्याचं गाणं काढणार, म्हणून मान आधीच खाली घातली होती. दादानं सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. "आज शील घेतलंय शामू. खोटं बोलायचं नाही, आणि लागेल असं बोलायचं नाही. मग उरतं काय? गप्प बसतो."

१९ ऑक्टोबर

हलकं वाटतंय. कमलला म्हटलं, क्षमा करणं फार सोपं गं, लोक उगीच बाऊ करतात.

ती भाकरी थापत होती. "भाऊजींच्या कपाळावर सतरंजीचे वळ उठले होते. पाहिलेत?"

नव्हते पाहिले.

२५ ऑक्टोबर, रविवार

वहिनी आल्या. एकट्याच. बसल्या नाहीत. "भावोजी, तुम्ही ह्यांना माफ केलंत, मग मला राहवेना. तुम्हाला कळवू नका, असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. ह्यांच्याकडून वचन घेतलं. 'शाम्याला बोलवू नका. तो माझ्या मरणाचंही गाणं करील, आणि चाळ हसेल.'"

दादा हे जाणून माझ्यापुढे वाकला होता.

आणि मी म्हणालो — ऊठ दादा, केली क्षमा.