एक सायकल मागं

१२ जून २०२५, गुरुवार. जळकोट

रणधीरभाऊंचं खांद्याचं हाड मोडलं. सायकलवरून पडून नाही — कोर्टाच्या पायऱ्यांवरून! यांचे मित्र, धाराशिवला वकिली करतात. वर्षभर ते आणि हे जोडीनं तयारी करत होते. ऑगस्टमध्ये किरगिझस्तानात चार दिवसांची डोंगरातली सायकल शर्यत आहे. जोडीचीच. दोघांपैकी एक कितीही पुढं पळाला तरी उपयोग नाही, प्रत्येक टप्प्यावर दोघं दोन मिनिटांच्या आत पोचायला हवेत.

हे दिवसभर दुकानात खताच्या पोत्यांकडं बघत बसले. जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, "तू येतीस का?"

तेवीस वर्षांच्या संसारात यांनी मला एवढं धीट काही विचारलं नव्हतं. मी आमटी वाढता वाढता हो म्हटलं.

१५ जून

नाव बदलायला एक ई-मेल पुरला. आमचा गट 'पुरुष जोडी'चा 'मिश्र जोडी' झाला. इकडं रेशनकार्डावर माझं नाव चढायला चार वर्षं लागली होती.

मी काही नवशिकी नाही. पाच वर्षांपूर्वी यांना शुगर निघाली, डॉक्टरांनी सायकल सांगितली. सोबतीला कुणीतरी हवं म्हणून दुसरी माझ्यासाठी आली. तेव्हापासून रोज पहाटे हे पुढं, मी मागं. शाळेची घंटा होईपर्यंत तीस किलोमीटर. मराठीच्या तासाला मुलींना वाटतं, बाईंचा चेहरा कवितेमुळं उजळलाय.

१६ जून

शांताक्कांना सांगितलं. ह्या यांच्या थोरल्या बहीण, आमच्या घराचं हायकोर्ट. हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "जा. पण शंभू पुढं असू दे गं. त्याला शुगर हाय. तू मागनं ध्यान ठिव."

म्हणजे परवानगी मिळाली, जागाही ठरली.

२९ जून, रविवार

तुळजापूरचा घाट दोनदा. चढाला यांना धाप लागते, माझ्या तोंडात अख्खं वाक्य मावतं. एकदा तर मी गुणगुणत होते! लक्षात आल्यावर गप्प झाले. उगाच त्यांच्या जिव्हारी लागायला नको.

उताराला तेच. बोटं सारखी ब्रेकवर. समोर नवरा असला की बाईनं मोकळं सोडायचं कसं? मी जर सोडलं असतं ना...

लिहून ठेवते, कुणी वाचणार नाही म्हणून: मी यांच्यापेक्षा वेगवान आहे. चढाला आणि उतारालाही. फक्त कधी दाखवलं नाही.

१३ जुलै

येडशीला रामलिंगच्या जंगलातल्या खडकाळ वाटा. हे उताराला दर वळणावर मागं मान वळवून बघतात. काय बघतात कोण जाणे. मी पुढं तर येत नाही ना, हेच बहुतेक!

रणधीरभाऊ गळ्यात हात अडकवून बघायला आले होते. म्हणाले, वहिनी, तुम्ही नसता तेव्हा शंभू घाटातनं दगड सुटल्यासारखा उतरतो. मित्राची फुशारकी! मी पाच वर्षं मागून बघतेय, दगड काही सुटला नाही.

२८ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. उपास. तरी चाळीस किलोमीटर. अक्कांनी दोन्हींचं पुण्य एकत्र जमा धरलंय.

१० ऑगस्ट, रविवार. धाराशिव

सत्कार! अजून गेलोच नाही, तरी सत्कार. आपल्याकडं जाणाऱ्याचाच करतात. येणाऱ्याचं काही सांगता येत नाही ना.

शाल, नारळ, फेटा. यांनी फेट्यावर हेल्मेट घालून फोटो दिला. मागं भलंमोठं फ्लेक्स — 'जळकोटचे सुपुत्र शंभुलिंग' — सायकलवर, मागं बर्फाचे डोंगर. मी कुठाय म्हणून शोधलं. सापडले. खालच्या ओळीत, शुभेच्छुकांमध्ये, डावीकडून चौथी! सरपंच आणि दूध डेअरीच्या चेअरमनच्या मधी.

यांना दाखवलं. पुष्कळ वेळ फ्लेक्सकडं बघत राहिले. "फोटो चांगला आलाय की तुझा," म्हणाले.

१९ ऑगस्ट. किरगिझस्तान

पोचलो. तंबूंचं गाव. हवा इतकी कोरडी की ओठ भेगाळले. जेवणात मटणाचा रस्सा, मटणाचा भात आणि मटण नसलेल्या भांड्यातही मटणाचा वास. आम्ही आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. शेजारच्या तंबूत हॉलंडच्या दोघी बहिणी आहेत, साठी उलटलेल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आवाजानं दचकल्या. मग चटणीसकट खाल्ला. आता रोज येतात.

२१ ऑगस्ट. पहिला दिवस

बासष्ट किलोमीटर. हे पुढं, मी मागं. इथं चढ संपतच नाहीत, आपल्याकडच्यासारखी मध्येच चहाची टपरी येऊन सोडवत नाही. मला तर उलट बरं वाटत होतं. पाय आपोआप फिरत होते. आणि पुढं यांची पाठ — घामानं भिजलेली, सावकाश. मान खाली घालून मागं राहिले.

एकशे दहा जोड्यांत आम्ही शहाण्णवावे.

२२ ऑगस्ट. दुसरा दिवस

एकशे एकावे. यांचा उजवा गुडघा दुखतोय. चढावर एका जोडीतली बाई नवऱ्याला ओढत नेताना दिसली. तिच्या सीटला जुनी ट्यूब बांधलेली, दुसरं टोक त्याच्या हँडलला. नियमात बसतं म्हणे. यांना म्हटलं, आपणही बांधू या का?

हे थांबले. चहूकडं नुसतं गवत आणि घोडे. "लोक काय म्हणतील?"

"इथं कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

मला राग आला होता. स्पष्टच लिहिते — मला एक दिवस हवाय. फक्त एक. पुढं कुणाची पाठ नसलेला. मग बघू दे सगळ्यांना.

२३ ऑगस्ट. तिसरा दिवस

शेवटच्या जोडीच्या आधीची जोडी. गुडघा सुजून पेरूएवढा झालाय. शर्यतीच्या डॉक्टर मुलीनं दाबून बघितला आणि मान हलवली. एकानं सोडलं तर दुसऱ्याला एकट्यानं पूर्ण करता येतं. क्रमांक मिळत नाही, पण शेवटाला पोचल्याची नोंद होते.

मी म्हटलं, मीही थांबते. तोंडानं म्हटलं. मनात काय होतं ते मला ठाऊक आहे.

"तुला जायचंय का नाही?" यांनी विचारलं.

मी बुटाची नाडी बांधत बसले. सुटलेली नव्हती.

"जा मग," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "उताराला सावकाश."

आताही! सुजलेला पाय बादलीत बुडवून बसलाय माणूस, तरी माझा वेग यांनाच ठरवायचाय.

२४ ऑगस्ट. शेवटचा दिवस

सावकाशीनं लिहिते.

खिंडीपर्यंत सव्वीस किलोमीटर चढ. मी सोडलं स्वतःला. एक गाठला, दुसरा, मग मोजतच गेले — एकतीस जण! हॉलंडच्या बहिणींना मागं टाकलं, त्यांनी हात हलवला. छातीत भाता चालू होता, पण पाय माझे होते. समोर फक्त वाट. खिंडीत पोचले तेव्हा तिथल्या बाईनं कलिंगडाची फोड दिली. रडू आलं. इतकी वर्षं हे मी कुणापासून लपवत होते?

मग उतार. एकोणीस किलोमीटर, सुटे खडे, वळणावर वळण. समोर कुणी नाही. पाठ नाही, मान नाही, शुगर नाही, अक्का नाहीत. आता सोडायचं.

बोटं सुटेनात.

अक्षरशः सुटेनात. ब्रेक दाबून धरलेले, खांदे कानापर्यंत, डोळे चाकासमोरच्या हातभर मातीवर. मला वाटलं, पहिलं वळण जाऊ दे. पहिलं गेलं. पाचवं गेलं. गाठलेले एकतीसच्या एकतीस जण शेजारून निघून गेले. हॉलंडच्या बहिणी ओरडत, हसत, उडत गेल्या — साठी उलटलेल्या! एका ठिकाणी उतरून मी सायकल हातानं धरून चालले. किलोमीटरभर. उतारावर! एका मेंढपाळानं घोडा थांबवून बघितलं.

वेळ संपायला अकरा मिनिटं असताना पोचले. पदक मिळालं. हे लंगडत पुढं आले, फोटो काढले, गावाच्या ग्रुपवर टाकले. अक्कांचा फोन आला. सगळे खूश.

आणि मी? चालताना सगळं कळलं होतं. मला उताराची भीती वाटते. तुळजापूरच्या घाटात वाटत होती, रामलिंगला वाटत होती. यांच्यासाठी ब्रेक दाबतेय, असं पाच वर्षं ह्याच वहीत लिहीत आले. किती छान आडोसा होता! नवरा पुढं असला की बाईला भित्री कोण म्हणणार? सोशिक म्हणतात.

चढ मात्र माझा आहे. तो कुणी काढून घेऊ नये.

यांना सांगितलं नाही अजून.

२५ ऑगस्ट

विमानासाठी सायकली सुट्या करायला दिल्या. शर्यतीचा मेकॅनिक, पिकलेल्या मिशांचा. यांची सायकल उलटी करून ब्रेकचे पॅड काढले आणि तळहातावर ठेवून मला दाखवले. निघताना नवेकोरे बसवलेले. तीन दिवसांत झिजून नुसता पत्रा उरलाय. माझे शेवटच्या दिवसासाठी नवे घातले होते, ते त्यामानानं बरे आहेत. चढावर धापा टाकणारा हा माणूस प्रत्येक उतारावर करकचून ब्रेक दाबत, मान मागं वळवत उतरलाय.

मेकॅनिकनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं — तुमच्या नवऱ्याला उताराची इतकी भीती वाटते?

मी म्हटलं, त्यांना नाही. मला.