अकरा पोरं गप्प बसली

घरून, ता. पारोळे
शनिवार, १८ मे १९६८

प्रिय प्रमिला,

तुझं पत्र आलं, आणि तेही दाजींच्या नावाने. मी काय मेले होते? बावीस दिवस झाले तुला जाऊन. शाळेच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.त बसलीस, मी शेतातून आले तर घराला कडी. इतक्या दिवसांनी चार ओळी, त्याही त्यांना. ट्रंक कुणाबरोबर तरी धुळ्यात देवपूरला मैत्रिणीच्या, राजकुंवरच्या घरी पाठवून द्यावी, सोबत राजीनामा आहे तो हेडमास्तर लीलाधर गुरुजींकडे द्यावा, एक जूनपासून इथल्या एका शाळेत लागते आहे. बहिणीचं नाव कुठे नाही. त्यांनी पत्र वाचलं, माझ्या हातात दिलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. त्यांचं हे असंच. राजीनामा मी गुरुजींना दिलेला नाही. पिठाच्या डब्याखाली आहे. रागवायचं तर रागव.

मला लिहायचा सराव नाही हे तुला ठाऊक आहे. तिसरीत शाळा सुटली ती सुटली. हे पत्र मी तीन दुपारी बसून लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू सुधारून घे, मला शिकवायला जाऊ नको. कंटाळले आहे मी. उन्हाने जीव नकोसा झाला आहे, विहिरीला दोन दोर जोडावे लागतात, कंबर धरली आहे ती सुटत नाही. त्यात तुझा पसारा माझ्या ओसरीवर. गुरुजींनी वर्ग झाडायला काढला आणि तुझं सगळं सामान माझ्याकडे पाठवून दिलं. चिंचोक्यांचं गाठोडं, कापसाच्या दहा-दहा पऱ्हाट्यांच्या जुड्या, चित्रांचे पुठ्ठे, चुन्याचं डबडं. चिंचोक्यांना किडे लागले होते, उन्हात घालून निवडून ठेवले. का निवडले ते माझं मलाच समजत नाही.

तू नवीन लागलीस तेव्हा मीच पहिली तुला हसले होते. शाळा म्हणजे गुरुजींनी फळ्यावर लिहायचं आणि पोरांनी ओरडायचं, एवढंच मला ठाऊक. तू अंगणात चुन्याने खाटेएवढा 'क' काढलास आणि पोरांना त्याच्यावरून अनवाणी चालायला लावलंस. मी म्हटलं, धुळ्याला दोन वर्षं ट्रेनिंग घेऊन हे शिकून आली का. मग एकदा चुडामणच्या पोरीला, देवकाला, मी विहिरीच्या काठावर पाहिलं. ओल्या पायांनी दगडावर 'क' चालत होती, वाळला की पुन्हा पाय भिजवून पुन्हा. तेव्हा मी तुला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं बहुतेक.

गावाने कमी छळलं नाही. चुडामण पारावर म्हणाला, पोरगी चिंचोके खेळायला घरी काय कमी आहे, त्यासाठी शाळेत कशाला पाठवायची. त्याला मी भर पारावर सांगितलं की तुझ्या पोरीला ऐंशीपर्यंत मोजता येतं, तुला वीसच्या पुढे येतं का ते दाखव. चार माणसं हसली, तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. केळीचा अख्खा घड तू वर्गात आणलास, फण्या मोजा, एका फणीत किती ते मोजा, सगळ्या मिळून किती होतात ते आधी मनाशी धरा आणि मग मोजून बघा. तो घड आपल्याच मळ्यातला, मला न विचारता नेलेला, हेही मी विसरलेले नाही. पोरांनी सगळा खाऊन टाकला, वर सालंसुद्धा मोजली.

आणि तुझी ती दोरीची परीक्षा. वर्गाच्या भिंतीला एकोणीस दोऱ्या, प्रत्येकीला पोराचं नाव. पोरगं एक नवीन गोष्ट शिकलं की ज्वारीच्या धांड्यातला पांढरा गाभा काढून त्याचा तुकडा दोरीत ओवायचा. वाचण्याचा तुकडा कुंकवात रंगवलेला, मोजण्याचा हळदीत. परीक्षेचा दिवस वेगळा नाहीच. ज्याला जेव्हा आलं तेव्हा त्याचा तुकडा, कुणाची दोरी लांब कुणाची आखूड, आणि शेजारच्याच्या दोरीशी लावून बघायची नाही असा तुझा कायदा. स्वतःची कालची दोरी आणि आजची दोरी, तेवढंच बघायचं. लीलाधर गुरुजी माझ्यासमोर म्हणाले, यशोदाबाई, तुमची बहीण पोरं शिकवते की पोळ्याचे बैल सजवते. मी हसले. घरी येऊन तुला सांगितलं नाही.

बोलण्याचंही तुझं वेगळंच. आधी पोराचा शब्द घ्यायचा, मग पुस्तकातला द्यायचा. पोर म्हणे केय, तू म्हणायची शाबास, पुस्तकात त्याला केळं म्हणतात. पोर म्हणे डोया, तू म्हणायची बरोबर, पुस्तकात डोळा. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायचीस. आमच्या वेळी शाळेत अहिराणी बोललं की कान पिरगाळायचे. माझा डावा कान अजून थंडीत दुखतो.

मागच्या वर्षीची तपासणी आठवते ना. साहेब नवीन, घाटावरून बदलून आलेले. त्यांनी नथ्थूच्या पोरीला विचारलं, तुला किती अक्षरं येतात. पोरीने छाती काढून सांगितलं, बठ्ठा. सगळी येतात असं तिला म्हणायचं होतं. साहेबांना इकडचं एवढंच ठाऊक की बठा म्हणजे बसा. ते म्हणाले, अगं, मी बसलेलोच आहे. गुरुजी हसले, पंच हसले, दाराशी उभे होते ते सगळे हसले. तूही हसलीस. पण साहेब गेल्यावर हौदावर तू तीनदा तोंड धुतलंस, ते मी पाहिलं. तू घरी सांगितलंस की काही नाही गं, गंमत झाली. मला त्यात गंमत दिसली नाही. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, शेळ्या विकून धुळ्याला पाठवलं, ते काय पारावरच्या माणसांनी तुला हसावं म्हणून? वर्षभर ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आता यंदाचं. तुला ते पुन्हा वाचायचं नसेल, पण वाच. साहेबांना पाणी द्यायला मी आले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. साहेबांनी पुठ्ठा दाखवला, हे काय आहे. देवका गप्प. पुढचं पोर गप्प. चिंचोके मांडले, किती आहेत. गप्प. तू स्वतः पुढे होऊन विचारलंस, गोड बोलून विचारलंस, शेवटी तुझा आवाज फाटला, तरी गप्प. ओळीने अकरा पोरं ओठ मिटून बसली, जसं तोंडात कुणी काही भरलं आहे. पन्नालाल शेठच्या दोघांनी उत्तरं दिली, तलाठ्याच्या मुलीने दिली. ती घरी पुस्तकातलंच बोलतात. आणि मग मळ्यात राहणारी पाच. त्यातल्या पहिल्याने पुठ्ठा बघून सरळ सांगितलं, केय. पण साहेब हसले नाहीत. मान डोलावली आणि म्हणाले, बरोबर, केळं. वर्षभरात तो माणूस आपली बोली शिकला होता, प्रमिला. पाचही पोरं अहिराणीत बोलली आणि पाचही पास झाली.

शेरेबुकात साहेबांनी काय लिहिलं ते गुरुजींनी मोठ्याने वाचून दाखवलं. मुले खेळात रमलेली आहेत, अभ्यास आढळला नाही, अकरा अनुत्तीर्ण. तू स्टुलावर चढून भिंतीवरच्या एकोणीसच्या एकोणीस दोऱ्या काढल्यास आणि टोपलीत टाकल्यास. पोरं बघत होती. देवकाने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, पण रडायला. तू तिच्याकडे पाहिलं नाहीस. त्या रात्री जेवताना म्हणालीस की अक्का, गुरुजींचंच बरोबर होतं, मी पोरांचं वर्ष खेळून घालवलं. मी पुढ्यात भाकरी वाढली. मला तेव्हा बोलता आलं असतं.

चुडामण म्हणतो, नापास पोरीला पुन्हा पहिलीत कशाला बसवू, धाकटं पोर सांभाळेल. आणखी चार घरं तसंच म्हणतात. आणि ही पोरं रोज संध्याकाळी माझ्या अंगणात येतात. मी हाकलते, ती जातात, पुन्हा येतात. गेल्या रविवारी वैतागून मी चिंचोक्यांचं गाठोडं त्यांच्यापुढे टाकलं आणि भांडी घासायला बसले. देवका बाई झाली. दहा-दहाचे ढीग लावून एकेकाला विचारत होती, तुझ्यासारखीच मान वाकडी करून. आधी तुझा शब्द सांग, आता पुस्तकातला सांग. केय, केळं. फया, फळा. एक पोर अडलं नाही. पास झालेल्या आठांपेक्षा यांना जास्त येतं. माझ्या हातात राख तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी पारोळ्याला गेले, एकटी. दहापासून तीनपर्यंत कचेरीच्या व्हरांड्यात उभी. पट्टेवाला म्हणाला, बाई, अर्ज आणा. मी म्हटलं, तोंडाने सांगायचं ते तोंडानेच सांगणार. शेवटी साहेबांनी आत बोलावलं. मी काय सांगितलं ते पुढे लिहिते, लिहायला हात धजत नाही अजून. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले की हे तुमच्या हाताने लिहून द्याल का. मी दिलं. सहा ओळी लिहायला मला पाऊण तास लागला, साहेब थांबले. सोमवारी, दहा जूनला, ते फक्त या अकरा पोरांसाठी पुन्हा येणार आहेत. एकच अट घातली. वर्गाच्या बाईंनी हजर राहायचं आणि बाईंनीच विचारायचं, त्यांच्या पद्धतीने, दोरी-चिंचोके काय असेल ते घेऊन. परक्या माणसापुढे ही पोरं आता तोंड उघडणार नाहीत असं ते म्हणाले, आणि खरं म्हणाले. तू नसलीस तर शेरा आहे तसा राहील. दोऱ्या माझ्याकडे आहेत. चुलीत घालायला गुरुजींनी टोपली पाठवली होती.

आता ते लिहिते. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तू पुठ्ठे रंगवत होतीस तेव्हा गावातली ही अकरा पोरं मी मागच्या अंगणात जमवली होती. मळ्यातली पाच दूर राहतात, ती आली नाहीत, म्हणून वाचली. प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि बजावलं की उद्या साहेबांपुढे अहिराणीचा एक शब्द तोंडातून निघाला तर त्याची दोरी मी तोडून चुलीत घालीन. तुला पुन्हा कुणी हसू नये एवढंच माझ्या मनात होतं. सहा-सहा वर्षांची पोरं, मनात आधी घरचाच शब्द येणार, तो गिळायचा म्हटल्यावर पुस्तकातला बाहेर यायला वाटच राहिली नाही. गेल्या रविवारी भांडी टाकून मी देवकाला विचारलं, त्या दिवशी का गं बोलली नाहीस. ती म्हणाली, "मावशी, तूच सांगेल व्हतं ना, बोलानं नही." प्रमिला, तुझ्या शिकवण्यात काही खोट नव्हती. पोरांना सगळं येत होतं, त्यांनी दोऱ्या वाचवल्या. आणि तू त्या त्यांच्यासमोर काढून टाकल्यास, कारण मी त्या रात्री भाकरी वाढत बसले आणि गप्प राहिले. माफी मागायची मला सवय नाही, कशी मागतात ते तू मला शिकव, पण इथे येऊन शिकव. ट्रंक मी पाठवणार नाही. गुरुवारी, ३० तारखेला, टपालवाला येतो तेव्हा मी दाराशी उभी असेन. दहा जूनला येते की नाही, एवढं एक कार्डावर मला लिहून पाठव. त्या दिवशी कार्ड आलं नाही तर शुक्रवारी सकाळी मी देवकाला घेऊन देवपूरला येते, मग नाही म्हणायचं ते तिच्या तोंडावर म्हण.

तुझीच,
यशोदा अक्का