वाटेत उतरणारे प्रवासी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
सोमवार, २२ जानेवारी १९९६

प्रिय रुचिरा,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ पोचला. डबा वाटेत फुटला होता, तरी खाल्ला. बी.एड.चे पाठ कसे चालले आहेत? वसतिगृहातलं पाणी अजून सकाळी सहालाच जातं का? इकडे थंडी बेताची. आई बरी आहे.

तुझ्या बाबांचंही पत्र याच टपालाने येईल. शक्य असल्यास हे आधी वाच.

नोकरीबद्दल मी लिहिलं होतं : लहान विमान, रविवारी चार-पाच फेऱ्या, प्रवासी बहुधा तरुण आणि उत्साही. यातलं काहीच खोटं नाही. लिहायचं राहिलं ते एवढंच की प्रवासी वाटेत उतरतात.

साडेतीन हजार फुटांवर. पाठीला पॅराशूट असतं.

वैमानिकाचं लायसन्स मिळाल्यावर तीन वर्षं मी अर्ज केले. विमान कंपन्यांना पंधराशे तास उडालेला माणूस हवा होता. माझे दोनशे दहा झाले होते. उरलेले कुठे मिळतात ते कोणी सांगत नव्हतं. मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवत राहिलो. नोव्हेंबरात अविनाशसाहेब भेटले. फौजेतून निवृत्त. विचुंब्याच्या पुढे एका बंद कारखान्याची धावपट्टी आहे, तिथे ते हौशी लोकांना उड्या मारायला शिकवतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मागे वळून न बघता चालवता येईल?" मी हो म्हटलं. दोन महिने कच्ची नेमणूक. तिचा काल शेवटचा दिवस होता.

आणि काल तुझे बाबा आले.

"लग्नाची तारीख काढण्याआधी एकदा गाडी बघतो," असं ते म्हणालेच होते. ड्यूटीवरून थेट आले, एसटीच्या तपासनिसाच्या खाकीत, बगलेत वही. अविनाशसाहेबांना वाटलं, सरकारी तपासणी. त्यांनी चहा मागवला. बाबा "एक फेरी करू" म्हणाले, तेव्हा साहेबांना नाही म्हणवलं नाही. बाबांना ही साधी प्रवासी फेरी वाटत होती; मी दोघांचाही गैरसमज दूर केला नाही.

"खुर्च्या कुठायत?" बाबांनी विचारलं.

"काढल्यात. खाली बसायचं."

"आणि दार?"

"तेही काढलंय."

"दुरुस्तीला?"

"नाही काका. दाराची अडचण होते."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांना पट्ट्याने बांधलं. हात मोकळे राहिले, ही माझी चूक.

उड्या मारणारे चार होते. मागे काय झालं ते मला काही ऐकून, काही नंतर कळलं. पहिला गेला तेव्हा बाबा ओरडले. दुसरा गेला तेव्हा ओरडले नाहीत. तिसऱ्याला त्यांनी, "अहो, स्टॉप कुठला?" असं विचारलं. चौथा रमेश, बँकेत कारकून, पहिलीच उडी. तो दारात पाय बाहेर सोडून बसला आणि तसाच बसून राहिला.

"चालत्या गाडीच्या दारात बसायचं नाही!" बाबा गरजले, आणि त्याच्या पाठीचा पट्टा धरून त्याला आत ओढलं. रमेश इतक्या चटकन आत आला की जणू कोणीतरी ओढण्याचीच वाट बघत होता.

अशा वेळी विमान एक चक्कर मारून पुन्हा त्याच जागी आणायचं आणि माणसाला दुसरी संधी द्यायची, असा नियम आहे. मी मागे वळून पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. रमेशने बाबांचा हात दोन्ही हातांनी धरला होता. मी विमान खाली आणलं.

धावपट्टीवरची गुरं हाकणारा गोमा धावत आला. "साहेब, चार गेलं, तीनच पडलं. एक वर ऱ्हायला काय?"

अविनाशसाहेब त्याच्या मागेच होते. "परत का आणलास?"

"मीच ठरवलं," मी म्हणालो.

"याने नाही. मी ओढला," बाबा म्हणाले. "एकतीस वर्षं ओढतोय."

"आपण कोणत्या खात्याचे?"

"एसटी. पनवेल डेपो. मुलीचा बाप."

साहेबांनी चहाचा कप परत मागितला नाही, एवढंच. पण रमेश पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाला. ते ऐकून साहेब जरा निवळले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ढकललेला माणूस पुन्हा येत नाही. नोकरी पक्की. पण हे गृहस्थ इथे परत दिसले, तर ती तुझी शेवटची फेरी."

येताना बसमध्ये बाबा पनवेल येईपर्यंत वहीत लिहीत होते. उतरल्यावर म्हणाले, "सत्यजीतराव, भरून जायचं आणि रिकामं परत यायचं, याला आमच्यात गाडी चालवणं म्हणत नाहीत. पण आज चारांतला एक तुम्ही परत आणलात. पंचवीस टक्के भारमान. नव्या मार्गाला वाईट नाही. मुलगी देतो. मात्र दर रविवारी मी येणार. तुमच्या गाडीला दाराशी माणूस नाही."

मी दोघांनाही हो म्हटलं आहे. एकाची अट दुसऱ्याला ठाऊक नाही. रविवार सहा दिवसांवर आला.

बाबा तुझं ऐकतात, असं तू म्हणाली होतीस. तरी त्यांना थांबव, असं मी लिहीत नाही. काल त्यांनी हात घातला नसता, तर मी मागे पाहिलं नसतं. आणि ही नोकरी सोडतो, असंही मला लिहवत नाही. वर गेल्यावर कल्याणपर्यंत दिसतं, आणि ते मी चालवत असतो. यातलं काय मोडायचं, तू सांग. तार कर.

तुझी अट मात्र कोणीच विचारली नाही. मीही नाही. असेल ती कळव. तिलाही मी हो म्हणेन, पण ती पाळीन.

तुझाच,
सत्यजीत